दुसऱ्या पाठानंतरचा बाक

हळू बसा, मित्रांनो, हळू! माझा डावीकडचा एक पाय बाकी तिघांपेक्षा किंचित आखूड आहे. पहिल्यांदा बसणारा दचकतो आणि शेजाऱ्याच्या अंगावर कलंडतो. घाबरू नका, आजवर मी कुणालाही पाडलेले नाही. मी एक जुना सागवानी बाक आहे, नाशिकच्या एका दगडी चर्चमधला. पण ओळीने मांडलेल्या त्या इतर बाकांमध्ये मला मोजू नका हं! त्यांना टेकायला पाठ आहे, पुस्तके ठेवायला फळी आहे. मला यातले काही नाही. पण ते सगळे लोकांच्या मागे लोक असे रांगेत बसवतात, आणि मी एकटा अगदी पुढे, वेदीच्या पायरीखाली. माझ्यावर बसणाऱ्याचे तोंड लोकांकडे असते. म्हणजे ते बघणाऱ्यांचे बाक आणि मी दिसणाऱ्यांचा. आता तुम्हीच सांगा, रुबाब कुणाचा जास्त?

हरसूलकडच्या डोंगरात मी झाड होतो. तिथून बैलगाडीने नाशिकला आलो आणि सहादू मिस्त्रींच्या हाती पडलो. काय हात होता त्या माणसाचा! रंधा असा फिरवायचा, की मलाच गुदगुल्या व्हायच्या. एक खिळा म्हणून मारला नाही, सगळे सांधे खाचेत खाच बसवून केले. काम चालायचे चर्चच्या ओसरीत, आणि तिथेच घोळ झाला. ओसरीची एक फरशी खचून वर-खाली झालेली. सहादू मिस्त्रींनी मला त्या फरशीवर उभे केले, मी डुगडुगलो, म्हणून त्यांनी माझा एक पाय जरासा कापला. मग मी कसा शहाण्यासारखा उभा राहिलो! मिस्त्री खूश झाले. मला उचलून आत सपाट फरशीवर ठेवले, आणि मी पुन्हा डुगडुगलो. मिस्त्रींनी कपाळावर हात मारला. "राहू दे," तेव्हाचे पाळकसाहेब हसून म्हणाले. "पोरं जागी तरी राहतील."

तर मित्रांनो, माझे काम काय ते ऐका. आमच्या चर्चमध्ये रविवारी संध्याकाळी उपासना असते. घंटा होते, बायका डोक्यावर पदर घेऊन येतात, पायपेटी सूर धरते. मग शास्त्रातला पहिला पाठ वाचला जातो, मरीयेचे गीत होते, मग दुसरा पाठ. दुसरा पाठ संपला, की माझे लाकूड नुसते शहारून उठायचे! कारण पाळकसाहेब पुस्तक मिटून म्हणत, "मुलांनो, पुढे या." आणि तुमच्याएवढी मुले धावत येऊन माझ्यावर बसत. मग भर उपासनेत, सगळ्या मंडळीदेखत, प्रश्नोत्तरी सुरू व्हायची. पाळकसाहेब प्रश्न विचारत आणि मुलांनी उभे राहून उत्तर द्यायचे. देव कोण, त्याने काय आज्ञा दिल्या, शेजाऱ्याशी कसे वागायचे. ती शेजाऱ्याची भानगड तर इतकी लांब होती, की भल्याभल्यांची दमछाक व्हायची.

पहिला प्रश्न मात्र सगळ्यांना एकच. तुझे नाव काय? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. हे नाव तुला कोणी दिले? याचे उत्तर असे, की बाप्तिस्म्याच्या वेळी माझ्या धर्ममातेने आणि धर्मपित्याने. बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा पाळक विचारतात, "या बाळाचे नाव सांगा." ते आईबाप सांगत नाहीत. धर्ममाता सांगते. पुढे त्या बाळाला देवाच्या गोष्टी शिकवणे हेही तिचेच काम. म्हणून आमच्याकडे एक रीत होती. मूल अडले, उत्तर आठवेना, की त्याच्या धर्ममातेने आपल्या जागी उभे राहून उत्तर द्यायचे. त्यात कमीपणा नव्हता. ज्याला कुणी पाठीशी आहे, त्यालाच अडायची चैन परवडते, असे मला वाटते.

माझ्यावर बसणाऱ्याला उत्तर येते की नाही, हे मला त्याने तोंड उघडण्याआधीच कळायचे. कसे, सांगू? ज्याला येत नाही तो माझी कड घट्ट धरून ठेवतो. अगदी नखे रुतेपर्यंत! ज्याला येते त्याचे हात मांडीवर असतात. पाळकसाहेबांना कधी नाही कळले, पण माझ्याशी लबाडी चालत नाही.

आता मी तुम्हांला पल्लवीची गोष्ट सांगतो. सांगायला घेतली की आजही माझा आखूड पाय थरथरतो.

नव्वदनंतरची ती वर्षे. पाळक होते शिरसाठसाहेब, उंच, चष्मा नाकावर घसरलेला, नियमाचे पक्के. पल्लवी तेव्हा आठवीत होती. दोन वेण्या, गुडघ्याला कायम खरचटलेले, आणि डोके असे तल्लख! तिची आई साधनाबाई शनिवारी दुपारी वेदीवरची फुले लावायला यायची, तेव्हा पल्लवी माझ्यावर पालथी पडून पाय हलवत प्रश्नोत्तरी पाठ करायची. सगळी. ती लांबलचक शेजाऱ्याची भानगडसुद्धा एका दमात. मी मनात म्हणायचो, पोरी, तुझ्यासारखी तूच.

त्या वर्षी नाताळाआधी बिशपसाहेब येणार होते, मुलांच्या दृढीकरणाला. म्हणजे काय, तर बाप्तिस्म्यात तुमच्या वतीने धर्ममातेने जे वचन दिले, ते आता तुम्ही मोठे होऊन स्वतःच्या तोंडाने द्यायचे. बिशप डोक्यावर हात ठेवतात, पांढरा झगा मिळतो, त्या दिवशी घरी बिर्याणी असते. आणि त्या वेळी धर्ममाता साक्षीदार म्हणून पाठीमागे उभी लागते. शिरसाठसाहेबांनी जाहीर केले होते, की दृढीकरणाआधी प्रत्येकाची माझ्यावर बसून परीक्षा होईल. त्या दिवशी ज्याला दुसऱ्याची मदत लागेल, तो पुढच्या खेपेला. आणि बिशपांची पुढची खेप म्हणजे कोण जाणे केव्हा!

पल्लवीला परीक्षेची भीती नव्हती. तिची अडचण वेगळीच होती. तिची धर्ममाता वत्सलाबाई आणि तिची आई एकमेकींशी बोलत नव्हत्या.

वत्सलाबाई मूळच्या नांदगावच्या. मिशनच्या दवाखान्यात नर्स म्हणून आयुष्य काढलेले. ठेंगण्या, गोल, आणि आवाज असा, की पायपेटीवाल्याला वेगळा सूर द्यावा लागत नसे. पूर्वी त्या आणि साधनाबाई जिवाभावाच्या मैत्रिणी. मग एका ईस्टरला माशी शिंकली. वेदी सजवायची पाळी साधनाबाईंची होती. त्यांनी पहाटे पंचवटीच्या फूलबाजारात जाऊन टोपलीभर झेंडू आणला आणि वेदी केशरी करून टाकली. मला तर ती फार आवडली! उपासनेच्या थोडे आधी वत्सलाबाई आल्या. बघितले, पदर खोचला आणि सगळा झेंडू काढून ओसरीत नेऊन ठेवला. जागी पांढरा निशिगंध लावला.

"झेंडू दसऱ्याला," त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. "ईस्टरला पांढरं लागतं. एवढं बी कळत नाय?"

साधनाबाई काहीच बोलल्या नाहीत. नंतरही बोलल्या नाहीत. वत्सलाबाईही हट्टाला पेटल्या आणि आपली पहिली रांग सोडून दाराजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसू लागल्या. वर्ष सरले, दुसरा ईस्टर आला नि गेला. फुलांवरून भांडण, आणि तेही देवाच्या घरात! हसू येते ना? मला नाही येत. कारण पल्लवी माझ्यावर बसायची तेव्हा तिची नजर पाळकसाहेबांवर नसायची, ती दाराजवळच्या त्या शेवटच्या बाकावर असायची.

एकदा उपासना संपल्यावर तिने वत्सलाबाईंना माझ्यापाशीच गाठले.

"मावशी, दृढीकरणाला माझ्या पाठीशी उभी राहशील ना?"

वत्सलाबाईंनी तिची वेणी सारखी केली. "मी कशाला नाय म्हणीन? पन तुझ्या आईला इचार आधी. तिनं बोलवावं मला."

पल्लवी आईकडे गेली. साधनाबाई मेणबत्त्यांचे मेण खरवडत होत्या.

"मी बोलवू?" त्या म्हणाल्या. "तिलाच विचार, तिथं झेंडू चालतो का ते. आणि तू नको काळजी करू, मी आपल्या मंडळीतल्या अक्काबाईंना सांगून ठेवलंय. त्या उभ्या राहतील."

"पण अक्काबाई माझी धर्ममाता नाहीये!"

"मंडळीतलं कुणीही चालतं. शिरसाठसाहेबांना विचारलंय मी."

पल्लवी येऊन माझ्यावर बसली आणि तिने माझी कड धरली. घट्ट! प्रश्न कुणी विचारला नव्हता, तरी. मला इतके वाईट वाटले, मित्रांनो, की वाटले आपल्याला तोंड हवे होते. दोघींना समोर बसवून मी चांगले झाडले असते.

आणि मग तो परीक्षेचा रविवार उजाडला! हवेत गारठा होता. चर्च गच्च भरलेले. मुलांचे आईबाप, आजीआजोबा, सगळे. पुढच्या रांगेत साधनाबाई आणि त्यांच्याशेजारी कडक इस्त्रीची साडी नेसलेल्या अक्काबाई. पार मागे, दाराजवळ वत्सलाबाई. दुसरा पाठ संपला. शिरसाठसाहेबांनी चष्मा वर ढकलला.

"मुलांनो, पुढे या."

आली सगळी! मी डुगडुगलो, मुले एकमेकांवर पडली, कुणीतरी फिदीफिदी हसले. एकेकाची पाळी होऊ लागली. गोरक्ष नावाच्या मुलाने आज्ञा उलट्या क्रमाने सांगितल्या, पण सांगितल्या सगळ्या. मग पल्लवीचा नंबर आला. ती उभी राहिली. मी मनात म्हटले, आता बघा तुम्ही!

"तुझे नाव काय?"

"पल्लवी."

"हे नाव तुला कोणी दिले?"

पल्लवी गप्प.

मला आधी कळेचना. पुस्तकातले सगळ्यात सोपे उत्तर! दूधपित्या पोरांनाही येते. शिरसाठसाहेबांनी पुन्हा विचारले. पल्लवी गप्पच. ती खाली बसली. मंडळीत कुजबुज सुरू झाली. आता ही माझी कड धरणार, असे मला वाटले. पण छे! तिचे दोन्ही हात मांडीवर. बोटे सैल, शांत. आणि नजर थेट शेवटच्या बाकावर.

माझ्या लख्ख ध्यानात आले. हिला उत्तर येते! ही अडलेली नाही, ही वाट बघते आहे. मूल अडले, की धर्ममातेने उभे राहायचे. तीच रीत धरून ही पोर बसली होती. आणि तिकडे दृढीकरण पणाला लागले होते, पांढरा झगा, बिशपसाहेब, सगळेच! अहो, मी लाकडाचा नसतो तर ओरडलो असतो.

"पल्लवी," शिरसाठसाहेब हळूच म्हणाले, "नियम माहीत आहे ना तुला?"

तिने मान हलवली. माहीत होता.

पुढच्या रांगेत साधनाबाईंनी अक्काबाईंना कोपराने ढोसले. "उठा ना, सांगा तुम्ही!" अक्काबाई गडबडल्या. एका हाताने पदर, दुसऱ्या हाताने पुढचा बाक धरत त्या अर्ध्यामुर्ध्या उठल्या आणि त्यांनी घसा खाकरला.

तेवढ्यात दाराजवळून आवाज आला. तो आवाज!

"बसा हो अक्काबाई!"

सगळे चर्च मागे वळले. वत्सलाबाई उभ्या होत्या. नुसत्या उभ्या नाहीत, मधल्या वाटेने चालत पुढे येत होत्या, चपला बाहेर काढलेल्या, पावले धपधप. माझ्यासमोर येऊन त्या थांबल्या.

"नाव मी दिलं," त्या म्हणाल्या. "मी. दुसऱ्या कुनी नाय. पाळकसाहेबांनी इचारलं, बाळाचं नाव सांगा, तर मी म्हनले पल्लवी. ठरलं होतं रोझी. पन हातात घेतलं तर पोर कशी, कवळी, पालवी फुटल्यावानी. तिला काय रोझी म्हनायचं?"

"ऐनवेळी बदललंस!" साधनाबाई ताडकन उठल्या. "मला विचारलंसुद्धा नाहीस! मी पाळण्यातल्या दुपट्यावर रोझी विणून ठेवलं होतं!"

मग साधनाबाईंच्याच ध्यानात आले, की आपण हिच्याशी बोललो. त्यांचा हात तोंडावर गेला. डोळे भरून आले.

"पण मग," त्या अगदी हळू म्हणाल्या, "चांगलंच नाव ठेवलंस गं. हाक मारताना रोज वाटतं मला."

वत्सलाबाईंचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. "मला सवयच हे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं लावलेलं काढायची. लय वाईट सवय. झेंडू ओसरीत ठेवला तवाच कळलं होतं मला. पन तोंड उघडंना."

आणि मग काय झाले म्हणता? दोघी रडल्या, दोघी हसल्या, अक्काबाईही रडल्या, त्यांना तर कारणसुद्धा नव्हते. मुले टाळ्या वाजवू लागली. उपासनेत टाळ्या! शिरसाठसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. माझ्या छातीत, म्हणजे फळीत हो, नुसते ढोल वाजत होते. कारण मुख्य गोष्ट अजून बाकी होती. नियम!

"पल्लवी, उभी राहा," ते म्हणाले. आणि त्यांनी पुढचे प्रश्न सुरू केले. एकामागून एक! पल्लवीने धडाधड उत्तरे दिली. आज्ञा सांगितल्या, प्रभूची प्रार्थना म्हटली, शेजाऱ्याची ती भानगड एका दमात म्हणून टाकली. कुठे अडखळणे नाही. शिरसाठसाहेबांनी पुस्तक मिटले.

"साहेब," अक्काबाईंनी भीत भीत विचारले, "पण तिला मदत लागली ना? मग आता हिचं…"

"कसली मदत?" शिरसाठसाहेब म्हणाले. "नाव कोणी दिलं, असा प्रश्न होता. ज्यांनी दिलं त्यांनी उत्तर दिलं. बसा. शिमोनाचं गीत म्हणू या."

ते गीत आमच्या चर्चमध्ये इतक्या मोठ्याने कधीच म्हटले गेले नव्हते. बिशपसाहेब आले तेव्हा पल्लवीच्या मागे वत्सलाबाई उभ्या होत्या. वेदीवर झेंडू होता आणि निशिगंधही. "बिशपाला झेंडू चालतो का?" कुणीतरी विचारले. "चालवून घेईल," वत्सलाबाई म्हणाल्या.

माझे ते वैभवाचे दिवस होते. पण सगळे दिवस सारखे नसतात, मित्रांनो. शिरसाठसाहेबांची बदली झाली. नव्या शतकात मुलांचा वर्ग शनिवारी शेजारच्या हॉलमध्ये गेला. तिथे प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, भिंतीवर प्रोजेक्टरची चित्रे होती. वाईट काही नव्हते, मुलांना मजाच येई. पण दुसरा पाठ संपला, की "पुढे या" म्हणणारे कुणी उरले नाही. माझ्या जागी की-बोर्ड आला आणि मला ओसरीत नेऊन ठेवले. माझ्यावर पाण्याचे जार बसले, माझ्याखाली चपला. आणि गंमत बघा! नेमकी तीच खचलेली फरशी. सहादू मिस्त्रींनी पाय कापला होता तो त्या फरशीसाठीच. ओसरीत मी जराही डुगडुगलो नाही. कसा ठाम उभा! आणि आयुष्यात मला इतके उदास कधी वाटले नव्हते. आतून दुसऱ्या पाठाचा आवाज यायचा, माझे लाकूड शहारायचे, आणि मग काहीच व्हायचे नाही. वत्सलाबाईंची शवपेटी माझ्यासमोरूनच गेली. साधनाबाईंनी तिच्यावर झेंडू ठेवला होता. त्या दिवशी मी पाण्याच्या जारांखाली खूप रडलो, पण सगळ्यांना वाटले, जार गळतोय.

मग एका रविवारी संध्याकाळी कुणीतरी येऊन ते जार उतरवले. हात ओळखीचे वाटले. पल्लवी! आता ती मालेगावच्या एका शाळेत बाई झाली होती. तिच्याबरोबर नवे तरुण पाळक होते, ललितसाहेब.

"हाच?" त्यांनी विचारले. "हा तर डुगडुगतो म्हणतात."

"डुगडुगतोच," पल्लवी म्हणाली. "म्हणूनच हवाय. फक्त आजच्या दिवस, साहेब. बघा तर खरं."

दोघांनी मला उचलले. मी आत गेलो, मित्रांनो! सपाट फरशीवर टेकलो आणि असा काही डुगडुगलो, असा डुगडुगलो! दुसरा पाठ संपला. ललितसाहेब म्हणाले, "मुलांनो, पुढे या." मुले आली, एकमेकांवर कलंडली, हसली. त्यांत दोन वेण्यांची एक चिमुरडी होती, पल्लवीच्या शुभांगी नावाच्या मैत्रिणीची लेक. तिचे पाय फरशीला पोहोचतही नव्हते.

"तुझे नाव काय?"

"वत्सला," ती म्हणाली.

पुढच्या रांगेत साधनाबाई बसल्या होत्या, केस पांढरेशुभ्र झालेल्या. "मी तर रोझी सुचवलं होतं!" त्या मोठ्याने म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या.

"हे नाव तुला कोणी दिले?"

चिमुरडी गोंधळली. इतके लोक! तिने माझी कड धरली, दोन्ही मुठींनी, नखे रुतेपर्यंत. ही काही वाट बघत नव्हती, ही खरीखुरी अडली होती. मी काहीच करू शकत नव्हतो. आणि तेवढ्यात मंडळीतून पल्लवी उभी राहिली. तिला उभी राहिलेली बघताच माझ्या कडेवरच्या त्या दोन्ही मुठी सुटल्या.

तेव्हापासून मी आत आहे. मला कुणी वर्षातून एकदा तेल पाजले तर बरे, माझ्यावर ओले जार ठेवू नका, बाकी माझी तक्रार नाही. आखूड पायाखाली मात्र पुठ्ठा सारू नका. आणि तुमच्यापैकी कुणी मोठेपणी एखाद्या बाळाला नाव दिले, तर एवढे करा मित्रांनो, की ते बाळ सगळ्यांसमोर अडेल त्या संध्याकाळी दाराजवळच्या बाकावर का होईना, पण हजर राहा.